तारीख बघून निघा

"येतोयस कधी रे, सांग की," मामा फोनवर म्हणाले.

"सकाळी सातला निघालो की नवापर्यंत तुमच्या दारात."

"वेळ कोण विचारतंय? तारीख सांग की, तारीख."

कोल्हापूर ते बेळगाव अंतर एकशे दहा किलोमीटरच्या आसपास. मधे एक छोटा घाट, पाच नद्या, दोन टोलनाके आणि एक राज्याची हद्द. मोबाइलमधला नकाशा दोन तास दाखवतो आणि रस्ता मोकळा असेल तर तो खोटं बोलत नाही. एवढ्या प्रवासाची आखणी ती काय करायची, असं मलाही वाटायचं. पण २०२४ च्या दिवाळीत आईला भाऊबिजेला माहेरी न्यायचं ठरलं, आणि दोन तासांच्या रस्त्यासाठी आमच्या घरात पंधरा दिवस खल चालला.

खरं तर भाऊबिजेला भावानं बहिणीकडे जायचं. पण मामांचं वय एक्याऐंशी, दोन्ही गुडघे संपावर. ते बेळगावच्या शहापुरात दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि जिना उतरायचा म्हणजे त्यांना गड उतरल्यासारखं होतं. आई शहात्तरची. त्यातल्या त्यात तिचेच गुडघे शाबूत, म्हणून तिनं जायचं.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन आलं १ नोव्हेंबरला आणि भाऊबीज ३ तारखेच्या रविवारी. पुण्या-मुंबईच्या माणसाला या दोन तारखांत काही वावगं दिसणार नाही. बेळगावच्या मराठी माणसाला मात्र १ नोव्हेंबर म्हटलं की दिवाळी आठवायच्या आधी दुसरंच आठवतं. १९५६ साली याच तारखेला राज्यांची पुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. त्या दिवशी तिथं सरकारी राज्योत्सव असतो, मिरवणुका निघतात, लाल-पिवळे झेंडे लागतात. आणि त्याच दिवशी, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा काळा दिन असतो. दोन्हीकडची माणसं रस्त्यावर. शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं तेही २०१४ च्या १ नोव्हेंबरलाच. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यामुळे मामांच्या घरी कुणाला बोलवायचं तर आधी 'एक तारीख' टाळतात, मग अमावास्या-पौर्णिमेचं बघतात.

"दोन तारखेला पाडवा, त्या दिवशी पण नको," मामा म्हणाले. "तीनला या. तोवर सगळं निवतंय."

आईनं कागद घेतला आणि तिच्या वळणदार अक्षरात 'भाऊबीज, ३, रविवार' असं लिहून फ्रीजवर लावलं. मी माझ्या परीनं दुसरी यादी केली होती. कणेरी मठावरचं ग्रामजीवन संग्रहालय, तवंदी घाटातलं स्तवनिधी, संकेश्वरजवळचा वल्लभगड, जमलं तर वाकडी वाट करून गोकाकचा धबधबा. बायकोनं यादी वाचली. "मनातले मांडे खायचे बंद करा," ती म्हणाली, "आणि खरे मांडे सांगितलेत का तेवढं बघा." ते मात्र सांगायचं राहिलं होतं. बेळगावचे मांडे दुकानात गेलं आणि उचलले असे मिळतीलच याचा भरवसा नसतो. सणासुदीला आधी सांगून ठेवावे लागतात. मामींना फोन केला. त्यांनी दहा सांगून ठेवले.

आता जायचं कशानं? रेल्वे हा पर्याय ऐकायला बरा. कोल्हापूरचा रेल्वेरस्ता १८९१ मध्ये मिरजेहून आला आणि कोल्हापुरातच संपला. तो पुढं दक्षिणेला गेलाच नाही. बेळगावची गाडी मिरजेहून जाते. म्हणजे दक्षिणेला जायचं तर आधी पूर्वेला पन्नासेक किलोमीटर जायचं, मग दक्षिणेला वळायचं. कोल्हापुरातून बेळगावला रेल्वेनं जाणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

एसटीचं प्रकरण जास्त रंगतदार. आईला पंच्याहत्तरी ओलांडल्यामुळे महाराष्ट्रात एसटी मोफत. बायकोला अर्धं तिकीट. मी स्टँडवर चौकशी केली तेव्हा खिडकीजवळ उभे असलेले एक वाहक हसून म्हणाले, "सवलत हद्दीपर्यंत. पुढचं पुरं तिकीट. आज्जी कागलापर्यंत फुकट, मग पैसे काढायचे." पलीकडे कर्नाटकात जून २०२३ पासून तिथल्या रहिवासी बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. म्हणजे मामी निपाणीपर्यंत फुकट येणार आणि आई हद्दीपर्यंत फुकट जाणार. नणंद-भावजयीनं हद्दीवरच भेटायचं ठरवलं असतं तर दोन्ही सरकारांच्या खर्चानं भाऊबीज पार पडली असती. फक्त भाऊ तेवढा घरी राहिला असता.

आणि बसचा भरवसा तारखेवर. दोन्हीकडचं वातावरण तापलं की पहिल्यांदा बस थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये थांबल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ भाषेवरून एका वाहकाला मारहाण झाल्यावर पुन्हा थांबल्या. काचांना काळं फासलं जातं, टायरवर दगड येतात, आणि दोन्ही बाजूंचे चालक-वाहक, ज्यांना एकमेकांच्या भाषा चांगल्या येतात, ते आपापल्या डेपोत चहा पीत बसतात. त्या वाहकाला मी विचारलं, बंद असतं तेव्हा लोक काय करतात? "कागलापर्यंत आमच्या गाडीनं, पुढं वडापच्या जीपनं, मग त्यांच्या गाडीनं," तो म्हणाला. "माणूस थांबत नाही हो. गाडी थांबते."

म्हणून आमची मोटार. तिचंही गणित आहेच. पेट्रोल कर्नाटकात लिटरमागं थोडं स्वस्त, त्यामुळे कोल्हापूरचा शहाणा माणूस निघताना टाकी भरत नाही. काटा लालात आणून हद्द ओलांडतो आणि पलीकडच्या पहिल्या पंपावर थांबतो. तिथं बऱ्याच गाड्या एमएच-०९. टोल दोन, कोगनोळीचा आणि हत्तरगीचा. चोवीस तासांत परत आलं तर परतीचा टोल निम्मा पडतो, म्हणून मी रविवारी साडेसातला नाका ओलांडून सोमवारी सातच्या आत परत यायचा बेत मांडला. आईनं तो ऐकून घेतला. "माहेरी जाते की टोल वाचवायला?" एवढंच म्हणाली. बेत मोडला. (२०२५ च्या १५ ऑगस्टपासून तीन हजारांचा वार्षिक पास निघाला, दोनशे फेऱ्यांचा, त्यामुळे हा वाद आमच्या घरातून कायमचा गेला.)

महिन्याचा विचारही करावा लागतो, तो कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला शिकवावा लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हा रस्ता नद्यांच्या मर्जीवर असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये महामार्ग पाण्याखाली गेला. कोल्हापूरच्या उत्तरेला शिरोलीजवळ पंचगंगा आली, दक्षिणेला निपाणीच्या अलीकडे यमगर्णीजवळ वेदगंगा. मधे कोल्हापूर बेटासारखं. ट्रकांच्या रांगा लागल्या, चालकांना गावकरी डबे नेऊन देत होते. पाणी ओसरलं की मग गणपती, दसरा, आणि दिवाळीनंतर ऊस. उसाच्या ट्रॅक्टरला मागं दोन दोन ट्रॉल्या, वर मोळ्या बाहेर आलेल्या, मागचा दिवा असला तर नशीब. रात्री आठनंतर त्या वाटेला जाऊ नये. मग डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटकाचं अधिवेशन भरतं, त्याला उत्तर म्हणून मराठी महामेळाव्याची हाक निघते, आणि कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांना अडवायला पोलीस उभे राहतात. त्या वर्षी भाऊबिजेपर्यंत हंगाम सुरू झालेला नव्हता. पाणी ओसरलेलं, ऊस उभा. पंचांग जुळलं होतं.

रविवारी सातला निघालो. शिवाजी विद्यापीठावरून उजळाईवाडीला हायवेला लागलो. लोक याला अजून 'चार नंबर' म्हणतात. सरकारी नंबर आता ४८ आहे. गोकुळ शिरगावची एमआयडीसी सुट्टीमुळे झोपलेली. कणेरी मठाचा फाटा आला तेव्हा मी गाडी हळू केली आणि आरशातून आईकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात ओवाळणीचं ताट, निरांजन, सुपारी, नारळ, करंज्यांचा डबा आणि गुंडाळलेलं नवं 'कालनिर्णय'. बेळगावात कालनिर्णय मिळत नाही असं नाही. पण ते दर वर्षी हिनंच द्यायचं, असा काही तरी करार झालेला दिसतो.

कागल मागं पडलं की दूधगंगा. पुलानंतर थोड्याच अंतरावर रस्त्याचा रंग तोच, उसाचा रंग तोच, पण पाट्यांवरची अक्षरं गोल होतात. आईला कन्नड वाचता येतं. तिनं लहानपणी शिकलेलं ते, साठ वर्षं वापरात नसलेलं. तरी ती पाट्या पुटपुटायला लागली. हद्द ओलांडल्याचं मला तिच्या ओठांवरून कळतं.

कोगनोळीचा टोलनाका पार केला. पेट्रोल घेतलं. वेदगंगा ओलांडताना पुलाच्या कठड्यापाशी दोन पोरं गळ टाकून बसली होती.

मग निपाणी. हायवे आता गावाच्या कडेनं जातो. पूर्वी एसटी स्टँडवर थांबायची, वीस मिनिटं. तंबाखूच्या वासानं माणूस शिंकत उतरायचा. माझ्या यादीत निपाणी नव्हतं. आई म्हणाली, "इथं थांब."

"इथं काय आहे?"

"थांब म्हटलं ना."

थांबलो. एका वखारीच्या आवारात गोणपाटात बांधलेली तंबाखूची बोदं रचलेली होती. बिडीचा तंबाखू इथला. पावसाळ्यात लावायचा, जानेवारीच्या सुमाराला काढायचा आणि रानातच वाळवायचा. त्या दिवसांत इथून जाताना काच खाली केली तर डोळे झोंबतात. दारात बसलेल्या हमालाला आईनं विचारलं, "एक्याऐंशी सालातलं आंदोलन कुठं झालं ते? रस्त्यावर बसले होते ते?" तो चाळिशीचा असेल. त्यानं हायवेच्या दिशेनं हात केला. "माझा आजा होता त्यात," म्हणाला. "बा सांगायचा."

१९८१ चा मार्च-एप्रिल. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी भावासाठी महामार्गावरच ठाण मांडलं. बायकापोरांसह, गुराढोरांसह हजारो माणसं रस्त्यावर राहत होती, आणि जागेला लोकांनी आंदोलननगर नाव ठेवलं होतं. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. शेतकरी मेले. त्या दिवसांत आई माहेरी निघाली होती, मी तिच्या मांडीवर. एसटी आडमार्गानं वळवली आणि बेळगावला पोचायला रात्र झाली. मामा स्टँडवर चार तास उभे होते. फोन नव्हता, निरोप नव्हता. "दादानं मला बघितलं आणि भडाभडा बोलला," आई म्हणाली. "आनंदानं माणूस शिव्या देतो ते तेव्हा कळलं." ही गोष्ट मी पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो. हायवे बाहेरून गेल्यापासून आम्ही निपाणीत थांबलोच नव्हतो.

निपाणीचा आणखी एक गमतीचा भाग, देवचंद कॉलेज. गावची पोरं शिकायला जातात ते अर्जुननगरला. गावाला चिकटूनच, पण पत्ता तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. घर कर्नाटकात, कॉलेज महाराष्ट्रात, विद्यापीठ शिवाजी. सकाळी सायकलवर टांग टाकून राज्य बदलायचं आणि दुपारी जेवायला परत यायचं.

तवंदी घाट मोठा नाही, पण वळणांवर माल भरलेले ट्रक दम खात चढतात आणि उतारावर ब्रेकचा जळका वास येतो. इथं घाई करणाऱ्यांनी जागोजागी कठडे चेपवलेत. वर स्तवनिधीचं जैन क्षेत्र रस्त्यालगतच. इथंही थांबलो नाही. माझ्या यादीतलं दुसरं नाव खोडलं गेलं. घाट चढला की हवा बदलते ही ऐकीव गोष्ट नाही. बेळगाव कोल्हापूरपेक्षा जवळजवळ दोनशे मीटर उंच आहे. उगाच नाही त्याला गरिबांचं महाबळेश्वर म्हणत.

संकेश्वरला बायकोनं गाडी बाजूला घ्यायला लावली. कोल्हापूरचा मसाला करणाऱ्या घरात ब्याडगी रंगाला लागते आणि संकेश्वरी तिखटाला. एकीनं रश्श्याला तांबडं करायचं, दुसरीनं पाणी काढायचं. नव्या मिरचीला अजून अवकाश होता. दुकानदारानं जुन्या मिरच्या हातात ओतल्या. बायकोनं एक देठ मोडून हुंगली. "फेब्रुवारीत येतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही 'येतो', 'जातो' म्हणतात. दुकानदार कन्नड घरातला, त्याला त्यात काही वेगळं वाटलं नाही. तो म्हणाला, "या की. दिवस बघून या पण." त्याला काय म्हणायचं होतं हे न विचारता कळलं.

इथूनच उजवीकडे गडहिंग्लज-आजरा-आंबोलीची वाट फुटते. हिरण्यकेशी ओलांडली की वल्लभगड दिसतो. बसका, टेकडीएवढा. पुढं हत्तरगीचा टोल, घटप्रभेचं हिडकल धरणाकडे जाणारं पाणी, यमकनमर्डी, वंटमुरीचा चढ-उतार. गोकाकच्या फाट्यावर मी काही बोललो नाही. तो धबधबा बावन्न मीटर उंचीवरून पडतो, वर झुलता पूल आहे, जवळ इंग्रजांच्या काळातली सूतगिरणी. पण पाणी बघायचं तर ऑगस्टात जायला हवं, आणि ऑगस्टात वेदगंगा जाऊ देईल का हा प्रश्न. काकतीला आई म्हणाली, "चन्नम्माचं गाव." कित्तूरच्या राणी चन्नम्मेचा जन्म इथला. मार्कंडेय ओलांडली. माती लाल झाली, भाताची खाचरं दिसायला लागली. घड्याळात साडेदहा. नकाशानं सांगितल्यापेक्षा दीड तास जास्त, आणि त्यातला तासभर निपाणीचा.

बेळगावात १ तारखेचे झेंडे अजून खांबांवर होते. चौकात दोन पोलीस खुर्च्यांवर बसून पेपर वाचत होते. रस्ता शांत. किल्ल्याच्या खंदकाकडेनं आत शिरलो. किल्ल्यात १२०४ सालची कमलबस्ती आहे, मशीद आहे, रामकृष्ण आश्रम आहे. १९२४ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन याच शहरात भरलं, गांधीजी आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले ते इथं. पुलंचे रावसाहेब इथले. इंदिरा संतांचं घर इथलं. हे सगळं बघायचं म्हणून एक वेगळा दिवस लागतो, आणि तो दिवस मी दर वेळी पुढच्या वेळेवर टाकतो.

मामा जिन्याच्या वरच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले होते. आई कठडा धरून चढली. वर पोचल्यावर दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग मामा म्हणाले, "उशीर केलास."

"निपाणीत थांबलो होतो," आई म्हणाली.

मामांनी मान हलवली. जास्त काही विचारलं नाही.

मांडे मामींनी आदल्या दिवशीच आणून ठेवले होते. मांडा करताना बघायला पाहिजे. मऊ भिजवलेल्या कणकेच्या गोळ्यात खवा-साखर भरायची, मग ती पोळी लाटून पुढं दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठी करायची आणि उपड्या घातलेल्या तापल्या कढईवर टाकायची. गरम आहे तोवर घडी घालायची, गार झाली की मोडते. आईनं ताटातल्या मांड्याचा कोपरा मोडला. कागदासारखा आवाज आला. शेजारच्या कन्नड काकू डोकावल्या, "ऊट आतेन्री?" आई एकदम उत्तरली. मला एक शब्द कळला नाही. दोघी पाच मिनिटं बोलल्या आणि मामी हसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत निघालो, पिशवीत कुंद्याचे दोन डबे आणि घडी घातलेले चार मांडे. परतीच्या वाटेवर कागलच्या अलीकडे महाराष्ट्राचा तपासणी नाका. विधानसभेची निवडणूक २० नोव्हेंबरला होती आणि आचारसंहिता लागलेली. पन्नास हजारांवर रोकड असली तर हिशेब द्यायचा. एका तरुण पोलिसानं डिकी उघडायला सांगितली, मग मागच्या सीटवरची पिशवी. वरचा डबा त्यानं उघडला. तपकिरी, रवाळ कुंदा.

"किती आहेत?"

"दोन किलो," आई म्हणाली. "घेऊन बघा."

तो बाजूच्या कॅमेरावाल्याकडे बघून लाजला. "ड्युटीवर आहे, आज्जी." डबा नीट बंद करून परत ठेवला. "बेळगाव शांत आहे का?"

"आहे," आई म्हणाली. "माझा भाऊ आहे तिथं."

निघायच्या आधीची एक गोष्ट सांगायची राहिली. ओवाळून झाल्यावर आईनं कालनिर्णय मामांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि जानेवारी-फेब्रुवारी न बघता थेट ऑक्टोबरचं पान उघडलं. बोट फिरवत फिरवत खाली आले.

"भाऊबीज तेवीस ऑक्टोबर. गुरुवार." मग नोव्हेंबरचं पान उलटून एकदा पाहिलं, परत ऑक्टोबरवर आले. "एक तारखेच्या नऊ दिवस आधी आहे गं."

आईनं पिशवीतून पेन काढून त्यांच्या हातात दिलं.